आमच्या मराठी वाचनालयात कन्नड कपाट आलं, त्याचं सगळं प्रकरण

आजूबाजूच्या दोन-तीन गावच्या वाचनालयवाल्यांनी विचारलं की तुम्ही नेमकं काय केलं, विरोध झाला का, पैसे कुठनं आणले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. जमलं ते पण लिहिते आणि फसलं ते पण. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यात रोज समोरासमोर भेटणाऱ्या माणसांची मतं आहेत आणि ती अजून बदलतायत.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. पलीकडं चंदगड तालुका लागला की महाराष्ट्र. भात, रताळी, बटाटा ही शेती, तरणी पोरं उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या कारखान्यात, बऱ्याच बायका काजू फोडायला जातात. घराघरात मराठी. वाचनालय गावानं वर्गणी काढून उभं केलेलं, देवळाला लागून दोन खोल्या, वर कौलं. आपल्या भागात वाचनालयाला मान आहे हे सांगायला नको, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांतनं मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, अख्खं गाव लोटतं. आमच्याकडं पण मान भरपूर होता. वापर नव्हता.

मी लग्न होऊन या गावात आले आणि बऱ्याच वर्षांनी कमिटीवर घेतलं, तोपर्यंत कमिटीत बाई नव्हती. पहिल्याच आठवड्यात जे बघितलं ते असं की सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ वाचनालय उघडं, दहा-बारा वयस्कर माणसं तरुण भारत आणि पुढारी वाचून गप्पा मारून घरी. पुस्तकं आतल्या खोलीत गोदरेजच्या कपाटात, कपाटांना कुलूप, किल्ली एका माणसाकडं, तो माणूस दिवसभर कामाला बेळगावात. कुणाला पुस्तक पाहिजे असेल तर आधी सांगून ठेवायचं. आणि सांगणार काय, आत काय आहे हेच कुणाला माहीत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाबरोबर प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, वाचनालयात का येत न्हाईस? मला वाटलं होतं की वाचायला आवडत नाही असं म्हणतील, पण तसं कुणीच म्हटलं नाही. एक म्हणाली, “सहा ते आठ म्हंजे भाकरी थापायची वेळ की ओ आक्का.” दुसरी म्हणाली, “बाहेर सगळी मोठी माणसं बसलेली असतात, त्यांच्या पुढनं आत कसं जायाचं.” एवढंच. म्हणजे वाचनालयाची वेळ पेपर वाचणाऱ्या पुरुषांच्या सोयीनं ठरली होती, आत जायची वाट पण त्यांच्या समोरनं, आणि मग आपणच वर्षानुवर्षं म्हणत होतो की बायका वाचत नाहीत, नवी पिढी वाचत नाही, मोबाईलनं वाट लावली.

पहिलं काम कपाटं उघडायचं. यावर मीटिंगमध्ये दीड तास वाद, पुस्तकं चोरीला जातील ही भीती. लायब्ररी सायन्समध्ये याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात, वाचकानं स्वतः फळीपाशी जायचं, हातात घेऊन चाळायचं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी आहेत. पण मीटिंगमध्ये रंगनाथन चालले नाहीत, चालली ती आमची दाखल नोंदवही. आम्ही नोंदवही घेऊन एकेक पुस्तक ताडून बघितलं, तीन रविवार गेले त्यात, आणि जी पुस्तकं सापडली नाहीत ती सगळी कुलूप असतानाच गेलेली होती, कुणी घरी नेली, परत मागितली नाहीत, रजिस्टरला नोंद नाही. मग कुलपानं वाचवलं काय? त्यानंतर दारं कायमची काढूनच टाकली.

लावायचं कसं हा पुढचा प्रश्न. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या एका मुलीला बोलावलं, तिनं विषयाप्रमाणं पुस्तकांना नंबर द्यायची ड्युई दशांश पद्धत सांगितली, मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, आम्ही उत्साहानं चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की आमच्याकडची बहुतेक पुस्तकं ८९१.४६ मध्येच बसतात. सगळ्यांच्या पाठीवर तोच नंबर, मग शोधायचं कसं? मोठ्या लायब्ररीला ते बरोबर आहे, दोन खोल्यांच्या वाचनालयाला नाही. शेवटी रंगीत पट्ट्या लावल्या, कादंबरी लाल, चरित्र निळी, शेती-आरोग्य-कायदा हिरवी, पोरांची पिवळी. जिला अक्षरओळख कमी आहे ती बाई पण लाल पट्टीतलं दुसरं द्या म्हणून सांगते.

कॉम्प्युटरचं मात्र फसलं. जुनी यादी कुणीतरी पूर्वी टाइप करून ठेवली होती, पण ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, त्यामुळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कोहा हे फुकट मिळणारं लायब्ररीचं सॉफ्टवेअर पण बसवून बघितलं, चांगलं आहे, पण ते चालू ठेवायला जाणता माणूस लागतो आणि आमचा जाणता पोरगा नोकरीला पुण्याला गेला. आता साधी एक्सेल शीट आहे, मोबाईलवर मराठीत बोलून भरलेली, आणि देवघेव रजिस्टरवरच. तुमच्याकडं रोज बसणारा माणूस नसेल तर सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका असं माझं मत झालंय.

बायकांसाठी रविवारी दुपारी दोन ते पाच ही वेळ ठेवली आणि त्या वेळेत पेपरचं टेबल आतल्या खोलीत नि पुस्तकं बाहेरच्या खोलीत. पण काजूच्या कारखान्यात जाणाऱ्यांना रविवारी घरची कामं, धुणं, शेत. मग पुस्तकं त्यांच्याकडं न्यायची ठरवलं. ही कल्पना आमची नाही, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून मोफत ग्रंथालयांची योजना चालवली त्यात गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या, आणि आत्ताच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी ही योजना पेट्यांचीच. आमची पेटी म्हणजे एका आजीची पत्र्याची ट्रंक. तीस पुस्तकं, एक वही, कारखान्यातल्या एका बाईकडं जबाबदारी, महिन्यानं पुस्तकं बदलायची.

पेटीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. मी निवडून निवडून चांगल्या कादंबऱ्या घातल्या होत्या, बहुतेक तशाच परत आल्या. वही बघितली तर पोरांची मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं सारखी बाहेर. मला वाटलं पोरांसाठी नेतात. एकीनं मग हळूच सांगितलं, “पोरगं कुठलं वाचतंय, मीच वाचतो.” (आमच्याकडं बायका पण जातो-येतो असंच बोलतात, हे बाहेरच्यांसाठी.) सातवीत शाळा सुटलेली, वीस-पंचवीस वर्षात वाचायचं काम पडलं नाही, बारीक छपाईची तीनशे पानं बघितली की घाबरायला होतं. मोठा टाइप आणि थोडी पानं असली की ती वाचते, आणि चार-पाच पुस्तकं झाली की जाडं मागते. तेव्हापासून खरेदीला गेलो की आधी आतलं पान उघडून टाइप बघतो, मग बाकीचं.

आता मुख्य प्रकरण, पोरांचं आणि कन्नडचं.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शनिवारी दुपारी गोष्टीचा तास सुरू केला. पंचवीसभर पोरं आली, सगळी मराठीत भांडणारी, मराठीत हसणारी. पुस्तकं हातात दिली तेव्हा कळलं की निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. काही कन्नड मिडियमला, काही इंग्लिश मिडियमला. मराठी शाळा आहे गावात, पण आईबापांनी पुढचा विचार करून घातलेलं असतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या पोरांना देवनागरी शाळेत भेटते ती हिंदीमुळं, तिसरी भाषा म्हणून, तीसुद्धा सहावीत गेल्यावर. आणि हिंदीवाटे मराठी वाचायला लागली की पहिली ठेच ळ ला. शाळा, बाळ, आभाळ, केळं, आपली अर्धी भाषा ळ वर उभी आणि हिंदीच्या धड्यात ळ भेटतच नाही, ती अक्षराकडं बघत बसायची.

एका शनिवारी कन्नड मिडियमच्या सातवीतल्या पोरीनं बाजूच्या पोराला समजावलं, अरे हा आपल्या कन्नडातला ळच की, तसंच म्हणायचं. झालं! तिला कन्नडमुळं तो उच्चार अक्षराला जोडून माहीत होता, फक्त देवनागरीत त्याचं रूप कसं दिसतं तेवढं शिकायचं होतं. मी मराठी शिकवते इतकी वर्षं आणि मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की या पोरांना मराठीकडं आणायचा रस्ता कन्नडवरनं जातो, तो बंद करून चालणार नाही.

कमिटीपुढं विषय ठेवला, एक कपाट कन्नड पुस्तकांचं करूया. शांतता. मग आमचे तात्या बोलले. तात्या म्हणजे गावातले सगळ्यात ज्येष्ठ, १९५६ ला भाषावार रचना झाली तेव्हा लहान होते, त्यानंतरचं सगळं आयुष्य सीमा चळवळीत, म्हणजे कर्नाटकात गेलेला हा मराठी भाग महाराष्ट्रात यावा म्हणून, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल, मोर्चे, दर एक नोव्हेंबरचा काळा दिन, लाठ्या खाल्लेला माणूस. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “बोर्ड गेले, कागद गेले, शाळंत पोरं न्हाईत. हे एक दार ऱ्हायलंय मराठीचं. त्येच्यात पण तूच आणून ठेवालीस?” मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही, आणि आजही मी म्हणणार नाही की त्यांचं चुकलं. ज्याच्या डोळ्यासमोर एकेक गोष्ट हातातनं गेली त्याला एका कपाटात पुढचं सगळं दिसतं.

विषय दोन महिने पुढं ढकलला. मधल्या काळात मी आणि दोघी-तिघी तात्यांच्या घरी जाऊन बसलो, वाद घालायला नाही, ऐकायला. त्यातनं ज्या अटी निघाल्या त्या सगळ्या त्यांच्याच आहेत आणि मला वाटतं त्या अटींमुळंच हे टिकलं. पाटी मराठीच राहणार. सभासदांच्या वर्गणीतनं कन्नड पुस्तक विकत घ्यायचं नाही. कपाट एकच, पोरांच्या खोलीत, मराठी पोरांच्या पुस्तकांना लागून. आणि दरवर्षी सभेत मराठी किती गेली, कन्नड किती गेली हे दोन रकाने वाचून दाखवायचे, मराठीची देवघेव कमी होत गेली तर कपाट हलवायचं.

मग कन्नड पुस्तकं आणायची कुठनं? इथं कायद्याचं थोडं सांगते, कारण बऱ्याच वाचनालयांना हे माहीत नसतं. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा, त्यात लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग करून सरकार अनुदान देतं. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा, त्याची पद्धत वेगळी, घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर घेतात आणि त्यातनं सरकारची स्वतःची ग्रंथालयं चालतात. आमच्यासारखं गावानं काढलेलं वाचनालय दोन्हींच्या मधल्या फटीत, राहतो इकडं म्हणून तिकडचं अनुदान नाही, आणि सरकारी नाही म्हणून इकडचा उपकर आमच्यापर्यंत येत नाही. पण ग्रामपंचायतीची लायब्ररी आहे ना गावात! २०१९ ला पंचायतींच्या लायब्ररी ग्रामविकास खात्याकडं गेल्या, आता त्यांना अरिवु केंद्र म्हणतात, अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. पोरांना सभासद करून घ्यायची त्यांची मोहीम असते. पंधरा मिनिटाच्या अंतरावर दोन लायब्ररी आणि आम्ही कधी एकमेकांच्या दारात गेलो नव्हतो. तिथल्या ग्रंथपाल बाईंना भेटले, त्यांना पण मराठी पोरांसाठी काहीतरी पाहिजेच होतं. ठरलं की त्यांनी आमच्याकडं पोरांची कन्नड पुस्तकं तीन-तीन महिन्यांनी ठेवायची, आम्ही त्यांच्याकडं मराठी. एक पैसा खर्च नाही.

दुसरा मोठा आधार प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, पोरांच्या गोष्टींची वेबसाइट. २०१५ पासून आहे, तिथं एकच गोष्ट मराठीत पण असते, कन्नडमध्ये पण असते, आणि लायसन असं की डाउनलोड करून छापून वाटली तरी चालतं. आम्ही झेरॉक्सवाल्याकडनं छापून डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड अशी जोडून शिवली. ही जोडपुस्तकं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फाटली, यावरनं काय ते समजा. मराठी शाळेतली पोरं कन्नडच्या परीक्षेसाठी उजवं पान वाचतात, कन्नड शाळेतली डावं वाचायला शिकतात, शेजारी बसून एकमेकांना विचारतात.

कपाटामुळं एक काम आपोआप अंगावर आलं आणि आता तेच सगळ्यात गरजेचं वाटतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस, पेन्शनचा कागद, सगळं कन्नडमध्ये येतं आणि वाचता येत नाही. पूर्वी कुणाच्या तरी हातापाया पडून वाचून घ्यायचं, आपल्या जमिनीत वाटणीदारांची नावं काय लागलीत हे दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून. आता शनिवारी गोष्टीच्या तासानंतर एक टेबल लावतो, कॉलेजची दोन पोरं बसतात, कागद वाचून मराठीत सांगतात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला दोन हजार सुरू झाले त्या वेळी तर रांग लागली होती. नियम दोनच, कागदाचा फोटो काढायचा नाही, आणि सल्ला द्यायचा नाही, फक्त काय लिहिलंय ते सांगायचं. सल्ल्याला वकील, तलाठी आहेत. तात्या एकदा उतारा घेऊन आले. पोरीनं वाचला, त्यांनी नाव बरोबर आहे का दोनदा विचारलं, मान हलवली, गेले. कपाटाबद्दलचं त्यांचं मत बदललंय असं मी म्हणणार नाही, सभेत ते अजून विरोधच नोंदवतात.

अभ्यासिकेचं सांगायचं तर चूक आमची झाली. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पोलीस, केपीएससी (कर्नाटकची एमपीएससी) यांची तयारी करणारी पोरं, त्यांना कन्नड लागतंच, आणि महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना तिकडच्या भरतीत पण अर्ज करता येतो म्हणून एमपीएससीचीही पुस्तकं लागतात. आम्ही कौतुकानं दोन्ही खोल्या दिवसभर त्यांना मोकळ्या सोडल्या, महिन्यात बायकांचं येणं थांबलं. पोरं वाईट नव्हती, पण खोलीभर पोरं बसलेली असली की पुन्हा तेच, पुढनं आत कसं जायचं. आता पोरांना रात्री आठ ते अकरा आणि पहाटे, पोरींना दुपारी तीन ते सहा कारण अंधार पडल्यावर घरचे पाठवत नाहीत. पोरींची वेळ मागायला एकही पोरगी आली नव्हती, ती एका आईनं मागितली.

पुस्तकदानाचं पण सांभाळा. आवाहन केलं आणि जुनी गाइडं, फाटके दिवाळी अंक, कंपन्यांच्या डायऱ्या अशी दोन खोकी रद्दी आली, देणाऱ्यासमोर टाकता येत नाही आणि ठेवायला जागा नाही. आता आम्हाला पाहिजे असलेल्या पुस्तकांची यादी भिंतीवर आहे, ज्याला द्यायचंय त्यानं त्यातलं एक द्यावं.

आणि पाऊस. पश्चिम भागातला पाऊस माहीतच आहे, जून ते सप्टेंबर भिंती ओल्या. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटातली खालची फळी पूर्ण बुरशीनं गेली, त्यात जुनी बांधणी केलेली चरित्रं होती जी आता कुठं मिळत नाहीत, तो धक्का अजून बसलेला आहे. तेव्हापासून कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं, खालची फळी रिकामी, पुस्तकं दाटून भरायची नाहीत, हवा खेळली पाहिजे. ओलं झालेलं पुस्तक उन्हात टाकायचं नाही, कागद पिवळा पडतो आणि पाठीचा डिंक तडकतो, सावलीत उभं उघडून पंख्याखाली. बुरशी लागलेलं लगेच वेगळं काढायचं आणि तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं घराबाहेर झाडायचं. दारं काढली त्याचा इथं फायदाच झाला, बंद गोदरेजमध्ये ओल कोंडून राहते.

आकड्यांचं विचारलंत तर पहिल्या वर्षी दोन्ही रकाने वाढले, मराठीचा जास्त. दुसऱ्या वर्षी पोरांची आणि बायकांची मराठी पुस्तकं वाढली पण मोठ्या माणसांची कादंबऱ्यांची देवघेव उतरली, त्याचं कारण कन्नड कपाट नक्की नाही, पण काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. तात्यांनी ते बरोबर पकडलं आणि पुरुषांचा रकाना वेगळा करायला सांगितलं, ते केलंय.

सगळ्यात मोठी काळजी मात्र वाचनालय सांभाळणाऱ्या पोरीची. बीए झालेली, गावातलीच, आम्ही देतो ते मानधन मानधन म्हणायला पण लाज वाटते इतकं कमी, वर्गणी आणि गणपतीच्या वेळच्या देणग्यांतनं त्याच्यावर जमत नाही. ती स्वतः पीडीओच्या परीक्षेला बसणार आहे, पास होईल, व्हावीच. मागच्या महिन्यापासून ती दहावीतल्या दोन पोरींना रजिस्टर शिकवतेय, त्यातली एक तीच, ळ वाली. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्यायची आहेत, त्याचा खर्च आणि मानधन हे दोन विषय या रविवारच्या सभेत आहेत, आणि त्याआधी तात्यांचे रकाने वाचायचे आहेत.